बरकतपुऱ्याच्या भोवतीची इंग्रजी

हैदराबादेतील बरकतपुरा या वस्तीच्या एका अंगाला काचीगुडा स्थानक आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा मराठी मुलूख ओलांडून येणारी लहान रुळांची गाडी याच स्थानकात येऊन थांबे. दुसऱ्या अंगाने नल्लाकुंटा, विद्यानगर करीत गेले की उस्मानिया विद्यापीठाचा परिसर लागतो आणि त्याला लागूनच इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्र सरकारने १९५८ साली स्थापिलेली संस्था आहे. कोठीच्या दिशेला जांबाग येथे १९०७ साली सुरू झालेली मराठी मंडळींची विवेकवर्धिनी आहे. इंग्रजी शिकविण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धतींचा वाद आपल्याकडे बहुधा पुण्यामुंबईच्या अनुभवावरून घातला जातो. आमच्या मते त्याचा खरा कस या टापूत लागला, कारण येथे मराठी मूल इंग्रजीकडे कोणत्या भाषेच्या दारातून जाणार हा प्रश्न पद्धतीच्या प्रश्नाहून आधी उभा होता.

जुनी पद्धत म्हणजे व्याकरण आणि भाषांतर. युरोपातील शाळा लॅटिन जशी शिकवीत, तशीच इंग्रजी आपल्याकडे शिकविली गेली. आधी नियम, मग शब्दांची यादी, मग वाक्यांचे भाषांतर, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. या पद्धतीची साधने मात्र आपल्या लोकांनी आणि काही परक्यांनी फार कष्टाने उभी केली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ ची. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, आणि पुढे तर्खडकर हे घराण्याचे नाव ज्या भाषांतर पाठमालेमुळे घरोघर पोहोचले, तिच्यावर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरविली. या पद्धतीची कुचेष्टा करणे सोपे आहे. पाठमालेचे तिन्ही भाग संपविलेल्या मुलाला कर्मणिप्रयोग बिनचूक बदलता येई, पण स्थानकावर गाडीची चौकशी इंग्रजीत करताना त्याची जीभ अडखळे. हा आक्षेप खरा आहे. तरीही तीत एक गोष्ट गृहीत होती, जी नंतरच्या कोणत्याही पद्धतीने इतक्या सहजपणे धरली नाही: शिकणाऱ्याला स्वतःची एक भाषा आहे, आणि तिच्या व्याकरणालाही इंग्रजीच्या व्याकरणाइतकाच मान आहे.

निजामाच्या राज्यात हे गृहीतकच डळमळले. माध्यमिक शिक्षणाचे सरकारी माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले आणि इंग्रजी हा सर्वांना सक्तीचा विषय ठेवला. एका भारतीय भाषेतून वैद्यक आणि गणित शिकविण्याचा तो प्रयोग धाडसी होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्या राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारेच बहुसंख्य होते. परभणीचे वा बिदरचे मराठी मूल इंग्रजी वाक्याचा अर्थ उर्दूतून समजून घेई आणि घरी येऊन तो मनाशी मराठीत लावी. म्हणजे भाषांतर एकदा नव्हे, दोनदा होत असे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्यासारख्या मंडळींनी विवेकवर्धिनीसारख्या खाजगी शाळांसाठी जी धडपड केली, तिचे मोल या मधल्या पायरीकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात भाषांतरपद्धतीविरुद्ध वारे सुटले होते. प्रत्यक्ष पद्धत म्हणून जी ओळखली गेली, तिचा दंडक असा की वर्गात इंग्रजीखेरीज शब्द उच्चारायचा नाही. वस्तू दाखवावी, कृती करावी, नाव सांगावे. पी. सी. रेन या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. गंमत अशी की आज त्याचे नाव निघते ते रेन आणि मार्टिनच्या व्याकरणामुळे, म्हणजे नियमांच्या पुस्तकामुळेच! बंगालमध्ये मायकेल वेस्टने १९२६ च्या आपल्या ग्रंथात वेगळाच विचार मांडला. बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात, तेव्हा अपुऱ्या शिक्षणातूनही हाती काही उरेल असे कौशल्य आधी द्यावे, आणि ते कौशल्य वाचनाचे, असे त्याचे म्हणणे. आम्हांला हा माणूस या साऱ्या मंडळींत अधिक जमिनीवरचा वाटतो.

१९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर आणि गुलबर्गा म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्राकडे. त्यानंतर दोनच वर्षांत उस्मानियाच्या शेजारी ती केंद्रीय संस्था निघाली. तिच्या आरंभीच्या संचालकांत विनायक कृष्ण गोकाक होते. पुण्याचे फर्ग्युसन आणि कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय यांत शिकविलेला हा कन्नड कवी सीमाभागाला मात्र आठवतो तो १९८१ च्या कन्नड भाषाविषयक अहवालामुळे. संस्थेच्या पहिल्या काळात रचनापद्धतीचा अंमल होता. वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, एका साच्यात शब्द बदलीत तोंडी सराव करायचा, शब्दसंख्या आटोक्यात ठेवायची. शिक्षकाला हातात धरून चालविणारी ही पद्धत होती, आणि अल्पशिक्षित शिक्षकांच्या देशात तो मोठा आधार होता. पण साच्यांतले ‘हे पेन आहे, ते पुस्तक आहे’ मुलाने कोणाला सांगावे? पेन तर सर्वांच्या समोरच असे.

या प्रश्नाला दक्षिणेतूनच उत्तर आले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या प्रकल्पात साचे बाजूला ठेवले आणि मुलांना कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक वाचून कोणत्या गाडीने निघावे ते ठरवा, नकाशावरून वाट सांगा. लक्ष अर्थाकडे असले की भाषा मागोमाग येते, हा त्यांचा सिद्धान्त जगभर गेला. काचीगुड्याला उतरणाऱ्या मुलाला हवे होते ते नेमके हेच.

आता आमचा मुद्दा. प्रत्यक्ष पद्धतीपासून पुढे जी जी पद्धत नवी म्हणून आली, तिने मुलाच्या भाषेला वर्गात बहुधा अडगळीची जागा दिली. पुण्यात याने फारसे बिघडले नाही, कारण शाळेच्या भिंतीबाहेर मराठीच होती. भालकी-औरादच्या मराठी मुलाला बाहेरही राज्यभाषा आणि आत केवळ इंग्रजी. आणि शिक्षकाला अर्थ सांगावाच लागतो. तो नियमाने नाही तर हळूच सांगतो, आणि जी भाषा त्याला येते तीत सांगतो.

याचा परिणाम कोठे होतो ते एका उदाहरणाने पाहू. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ तसेच वेगळे. उर्दूतील ‘हम’, कन्नडमधील ‘नावु’ आणि इंग्रजीतील ‘वुई’ हा भेद करीत नाहीत. कन्नडमधून शिकलेल्या मराठी मुलाला हा फरक कोणी दाखवून देत नाही. बरकतपुऱ्यातील मराठी मुलाला तेलुगूभाषक शिक्षकही तो सहज दाखवू शकेल. उलट ‘मला भूक लागली’ ही रचना मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषांत आहे: ‘ननगे’, ‘नाकु’, ‘मुझे’. भूक येते, माणूस तिचा धनी होत नाही. ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ याचेही तसेच. इंग्रजी येथे एकटी पडते. म्हणून या चारही घरांतील मुले ‘हॅव’ या क्रियापदाशी सारखीच अडखळतात, आणि दोन स्तंभांची एक चांगली पाठमाला चौघांच्याही उपयोगी पडली असती. ती कोणी लिहिली नाही, कारण भाषांतर जुनाट ठरले होते.

आता वारे पुन्हा फिरले आहे. गाय कुक यांनी २०१० साली भाषाशिक्षणातील भाषांतराची बाजू ग्रंथरूपाने मांडली. युरोपच्या भाषिक चौकटीच्या २०१८ च्या पुरवणीत दोन भाषांमधील मध्यस्थी हे कौशल्य म्हणून सविस्तर मोजले आहे. आणि आपल्या राज्यघटनेत १९५६ सालीच, ज्या वर्षी आम्ही विभागलो गेलो त्याच वर्षी, कलम ३५० अ दाखल झाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते.

सीमाभागातील मराठी शाळांच्या इंग्रजी पुस्तकांना मराठी स्तंभ असलेली जोडपुस्तिका मिळावी, ही मागणी या कलमाच्या आधारे करता येते. तीत प्रभूंची वेळापत्रके आणि नकाशे असावेत, तर्खडकरांची समोरासमोरची वाक्येही असावीत. मनमाड-काचीगुडा मार्गाचे वेळापत्रक पहिल्या धड्याला चालेल.