कामोठ्याचा कमठ, अर्थात ओआरएमच्या प्लगइनांचा इतिहास

तर झालं असं, की एका शनिवारी पनवेल तालुक्यातल्या गावांची एक छोटी यादी जँगोमध्ये करायला बसलो. कुठलं गाव कधी कुठल्या जिल्ह्यात होतं, एवढंच. प्रत्येक गावाच्या पानाचा पत्ता नावावरून आपोआप बनावा म्हणून स्लग बनवणारं एक तयार प्लगइन लावलं. पहिल्या खेपेला सगळे पत्ते रिकामे आले, कारण मूळ सेटिंगमध्ये रोमन सोडून बाकी सगळी अक्षरं गाळली जातात. मग युनिकोड चालू केलं (ही सोय जँगोत २०१५ साली, १.९ आवृत्तीत आली). आता पनवेलचं झालं पनवल, शिरढोणचं शरढण, कळंबोलीचं कळबल आणि कामोठ्याचं चक्क कमठ. कमठ म्हणजे कासव!

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्याचं शरढण झालेलं बघून हसावं की रडावं कळेना.

या गमतीचं मूळ शोधता शोधता अख्खा रविवार गेला आणि ओआरएमच्या प्लगइनांचा बराच इतिहास वाचून झाला. तो थोडा सांगतो.

टेबलातली एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट, ही कल्पना काही नवी नाही. 'टॉपलिंक' १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉकवाल्यांसाठी निघालं. २००१ साली गॅव्हिन किंगनं जावासाठी हायबरनेट सुरू केलं. २००२ साली मार्टिन फाउलरच्या पुस्तकानं या पद्धतींना अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड, डेटा मॅपर अशी नावं दिली. पण प्लगइनांची खरी चटक लावली ती २००४ च्या रूबी ऑन रेल्सनं. क्लासमध्ये एक ओळ लिहायची, 'अ‍ॅक्ट्स अ‍ॅज ट्री', की तुमच्या ओळी झाडासारख्या वागायला लागल्या! 'अ‍ॅक्ट्स अ‍ॅज लिस्ट' लिहिलं की क्रमवारी आली. रिक ओल्सनच्या 'अ‍ॅक्ट्स अ‍ॅज पॅरानॉइड'नं तर डिलीट म्हटलं तरी ओळ पुसायची नाही, फक्त पुसल्याची तारीख लिहून ठेवायची, अशी सोय केली. ऑफिसात ज्यांनी कधी चुकून ग्राहकाचा विदा उडवलाय त्यांना याची किंमत कळेल.

पीएचपीवाल्यांकडे हेच 'बिहेविअर' या नावानं आलं. कोन्स्टा व्हेस्टेरिनेननं २००६ साली सुरू केलेल्या डॉक्ट्रिनमध्ये झाड, स्लग, भाषांतर, आवृत्त्या असं सगळं घरातच होतं. मग २०१० च्या डिसेंबरमध्ये डॉक्ट्रिन २ आलं आणि त्यांनी हे सगळं गाभ्यातून काढून टाकलं. रेल्सनंही २००७ साली, २.० आवृत्तीत, झाड आणि यादी घराबाहेर काढलीच होती. मला हा निर्णय पटतो. गाभ्यानं फक्त 'सेव्ह होण्याआधी', 'सेव्ह झाल्यावर' असे आकडे भिंतीला ठोकून द्यावेत, त्यावर कोणी काय टांगायचं ते ज्याचं त्यानं बघावं. डॉक्ट्रिनच्या त्या आकड्यांवर गेडिमिनास मॉर्केविचियस या गृहस्थानं जवळजवळ सगळी जुनी बिहेविअर पुन्हा टांगून दिली.

उलटा प्रवासही झालाय. टेबलांची रचना बदलण्यासाठी अँड्र्यू गॉडविननं २००८ साली जँगोसाठी 'साउथ' हे प्लगइन लिहिलं. ते इतकं चाललं की २०१३ साली त्यानं लोकवर्गणी काढली आणि २०१४ च्या १.७ आवृत्तीत तेच काम गाभ्यात आलं.

असो. माझ्या यादीकडे येतो. स्लगनंतरचा दगड होता झाडाचा.

राज्य, जिल्हा, तालुका, गाव. याहून चांगलं झाड कुठलं? जो सेल्कोनं लोकप्रिय केलेली 'नेस्टेड सेट'ची युक्ती झाडाच्या बहुतेक प्लगइनांत असते. प्रत्येक फांदीला एक डावा आकडा आणि एक उजवा आकडा. ज्यांचे दोन्ही आकडे तुमच्या आकड्यांच्या मध्ये बसतात ती सगळी तुमची पिल्लं. वाचायला फार वेगवान, पण फांदी हलवायची तर अर्ध्या झाडाचे आकडे पुन्हा घालावे लागतात. आणि पनवेल तर हललेलं आहे! १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्याच्या खंडात सापडतं. नंतर ते कुलाब्यात गेलं आणि १९८१ साली कुलाब्याचंच नाव रायगड झालं.

त्याहून वाईट म्हणजे खारघर. सिडकोच्या हिशेबानं ते नवी मुंबईचा नोड, महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड. झाडाचं प्लगइन म्हणतं, बाप एकच सांगा. खारघरला राहणाऱ्या कुठल्याही माणसाला पत्ता विचारा, तो आधी जरा थांबतो. तो थांबतो ते बरोबर आहे, झाड चूक आहे. शेवटी मी झाड काढून टाकलं आणि नात्यांचं वेगळं टेबल केलं.

मग आवृत्त्यांचं प्लगइन. मला वाटलं होतं, इतिहास हवाय ना, मग हेच तर हवं. पण हे प्लगइन लिहून ठेवतं ती तारीख असते मी बटण दाबल्याची. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला. प्लगइनच्या मते मात्र हा बदल झाला एका रविवारी रात्री सव्वाअकरा वाजता, माझ्या लॅपटॉपवर. डेटाबेसवाले या दोन काळांना वेगळं धरतात आणि २०११ च्या एसक्यूएल मानकात दोन्हींची सोय आहे. आपल्या आवडत्या प्लगइनांत बहुधा एकाचीच असते. गंमत म्हणजे जमिनीच्या फेरफाराची नोंदवही चाळा, व्यवहार कधी झाला आणि नोंद कधी मंजूर झाली हे तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं. तलाठ्याला हे आपल्या कितीतरी आधी कळलं होतं.

त्यातच मी एक घोळ घातला. 'कुलाबा' सगळीकडे एका फटक्यात बदलायला एकगठ्ठा अपडेट मारला. जँगोत एकगठ्ठा अपडेट थेट एसक्यूएलला जातो, 'सेव्ह होण्याआधी'वाला आकडा त्याच्या वाटेत येतच नाही. म्हणजे प्लगइनला पत्ताच नाही आणि जुनं नाव गायब! मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. मी ते नंतर वाचलं, हे सांगायला नकोच.

आता कासवाचं. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' असा एक संकेत आहे. पायथॉन त्यात अक्षरं, अंक आणि अधोरेषा धरतं. युनिकोडच्या लेखी क, म, ठ ही अक्षरं, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही नुसती जोडचिन्हं. म्हणून ती गळतात. पायथॉनच्या बगांच्या यादीत ही तक्रार २००७ पासून आहे. फ्रेंच माणसाला हा त्रास होत नाही, त्याचं टोपीवालं अक्षर एकाच घासात अक्षर म्हणून मोजलं जातं. आपल्याकडे काळा, केळी आणि कळी तिन्हींचं 'कळ' होतं, आणि मग प्लगइन गुणी बाळासारखं त्यांना 'कळ', 'कळ-२', 'कळ-३' असे वेगळे पत्ते देऊन मोकळं होतं.

'स्लग' हा मुळात वर्तमानपत्राच्या कचेरीतला शब्द. जँगो जन्मलं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात, म्हणून तो तिथून आला. त्या मंडळींपुढे मराठी बातमी कधी आलीच नसणार, त्यांना काय बोल लावायचा? देवनागरीत बातम्या लिहिणारी वर्तमानपत्रं आपली, आणि कोड लिहिणारी पोरंही आपलीच.

म्हणून मी वीसेक ओळींचं स्वतःचं प्लगइन लिहिलं. 'सेव्ह होण्याआधी'च्या आकड्यावर टांगलं, देवनागरीचा अख्खा युनिकोड पट्टा चालेल असं सांगितलं. कामोठे परत कामोठे झालं, कळंबोलीही. मी खूश.

मग सह्याद्रीच्या दऱ्यांवर एक पान टाकलं. कीबोर्डनं त्यातला अर्धा र अदृश्य जोडखूण वापरून लिहिला होता. ती खूण देवनागरीच्या पट्ट्याबाहेर राहते, त्यामुळे माझ्या प्लगइननं ती इमानदारीत गाळली आणि दऱ्यांचा दर्या झाला! आता ती खूणही चालेल असं लिहिलंय. पण तोच र दुसऱ्या पद्धतीनं, बिंदूवाल्या ऱ नं, टाइप केला की दिसायला तोच शब्द आणि पत्ता वेगळा. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही. पुढच्या शनिवारी बघतो.