सैल गोळी, घट्ट कायदा : तारापूर ते खडकी

आज आपण बोईसरला जमलो आहोत. इथून रिक्षा केली तर अर्ध्या तासात तारापूरचा किल्ला येतो. मागच्या वेळी वसईच्या मोहिमेवर बोललो, तेव्हा अगदी शेवटी मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता : "तोफा सांगितल्या, सुरुंग सांगितले, पण माणसाच्या हातातल्या बंदुकीचा नेम कितपत लागायचा?" वेळ संपली आहे असं सांगून आम्ही तो टाळला. खरं म्हणजे उत्तर तयार नव्हतं. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं देणं आहे.

जानेवारी १७३९. चिमाजी अप्पांच्या फौजेने माहीम घेतलं आणि लगोलग तारापूरला वेढा दिला. सुरुंग लावले, तटाला खिंडार पडलं, हल्ला झाला, किल्ला आला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरातला म्हणावा इतका जवळचा माणूस. तटावरून कोणी तरी बार काढला आणि तो लागला. प्रश्न असा की तो बार त्यांच्यावर धरलेला होता का? आमचं मत, ते त्या बंदूकवाल्यालाही छातीठोक सांगता आलं नसतं.

का, ते बघू. बोईसरच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे इथे बरेच दिसतात, त्यांना हे पटकन कळेल. शाफ्ट बुशमध्ये सैल बसला तर तो फिरताना थरथरतो. तशीच गुळगुळीत नळीची बंदूक. ब्रिटिशांच्या ब्राऊन बेस मस्केटची नळी सुमारे .७५ इंचाची आणि गोळी सुमारे .६९ इंचाची, म्हणजे दीड मिलिमीटरची ढिलाई. ती चुकून राहिलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, आणि त्यातला काही काजळी होऊन नळीत बसतो. पाचसहा बार झाले की नळी आतून आखडते. घट्ट गोळी मग गजाने ठासताच येत नाही आणि समोर शत्रू उभा असतो. म्हणून गोळी सैल. सैल गोळी नळीत आपटत आपटत बाहेर येते आणि शेवटची टक्कर जिकडे लागली तिकडे जाते.

आपल्याकडची तोड्याची बंदूक या बाबतीत मागासलेली होती असा एक समज आहे, तो सोडून द्या. नळी लांब, जड, आणि बंदूकवाला बहुधा स्वतःच्या नळीसाठी स्वतः गोळ्या ओतायचा. साचा बंदुकीबरोबरच असायचा. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुका आपल्या मस्केटपेक्षा लांब मारतात, हे अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. वेग मात्र कमी. तोडा पेटता ठेवा, रंजक ओता, वाऱ्यापासून जपा. शिकाऱ्याला हे चालतं, कारण त्याला एकच बार हवा असतो. पलटणीला चालत नाही.

म्हणजे शिकाऱ्याची अचूकता आणि शिपायाची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हे आजच्या विषयाचं मूळ आहे.

शिकाऱ्याने काय करायचं? गोळी नळीला जुळती घ्यायची, तिच्याभोवती तेलकट चिंधी गुंडाळायची म्हणजे मधली फट भरते, आणि दारू प्रत्येक बाराला तेवढीच भरायची. तेवढीच, यावर जोर आहे. जास्त दारू म्हणजे जास्त नेम असं नाही. आज थोडी जास्त आणि उद्या थोडी कमी पडली, तर गोळी आज वर जाईल आणि उद्या खाली. म्हणून शिंगाचं किंवा बांबूचं माप. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे, पालघर तालुक्यातच, असं बांबूचं माप आम्ही पाहिलं. वडिलांच्या हातचं होतं. त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. "याच्यानं दुसरं काही मोजायचं नाही," म्हणाले.

आणि आपलं हवामान! शुद्ध सोरा फारसं पाणी धरत नाही, पण मीठ राहिलेला, नीट न धुतलेला सोरा कोकणातल्या पावसाळ्यात ओला होतो. मग दारू कधी भडकते, कधी नुसती फुसफुसते. सोरा कोणी धुतला इथपर्यंत नेमाचा माग जातो.

आता तारापूरच्या वेढ्यानंतर तीनच वर्षांनी, १७४२ मध्ये, लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाचं, तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवर. गोळीचा वेग मोजायला त्याने जड लंबक टांगला आणि त्यावर गोळी मारली. लंबक किती झुलला त्यावरून वेग काढला. पुढे त्याने एक गमतीचा प्रयोग केला. बंदुकीची नळी टोकाशी मुद्दाम डावीकडे वाकवली. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग हवेतच उजवीकडे वळली! कारण वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीवर घासत आल्यामुळे ती स्वतःभोवती फिरत होती, आणि फिरणाऱ्या गोळीला हवा बाजूला ढकलते. क्रिकेट बघणाऱ्यांना हे नवीन नाही. सैल गोळी भरकटते ती यामुळेही. प्रत्येक बाराला तिची फिरकी वेगळी आणि ती कोणाच्याच हातात नाही.

यावरचा उपाय म्हणजे फिरकी आपणच द्यायची. नळीत आतून मळसूत्री खाचा पाडायच्या, गोळी त्यांत रुतली पाहिजे, म्हणजे ती भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि वाट सोडत नाही. जो देश अशा बंदुका आधी घेईल तो वरचढ होईल, असं रॉबिन्सने लिहिलं. हा माणूस पुढे कुठे गेला? हिंदुस्थानात. ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर म्हणून आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. ज्याला नेम का चुकतो हे कळलं होतं तो माणूस इथवर आला, पण ती बंदूक यायला पुढे शंभर वर्षं लागली.

१८५३ ची एनफिल्ड. नळी .५७७ इंच, खाचांचा पूर्ण एक वेढा ७८ इंचांत. गोळी लांबुळकी, बुडाशी पोकळ. सैल असल्यामुळे झटकन आत जाते, बार झाला की बूड फुगतं आणि खाचांत बसतं. शिपायाचा वेग आणि शिकाऱ्याचा नेम एकाच नळीत आले. हिच्याच काडतुसाच्या चरबीवरून १८५७ मध्ये काय झालं ते तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की त्याच युद्धात उन्हात आणि मळलेल्या नळीत ती गोळी ठासता येईना. म्हणून पुढे तिचा व्यास .५६८ वरून .५५० इंचावर आणला. फिट बसण्याचा प्रश्न पुन्हा तोच.

आणि आता या व्याख्यानातली आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १८५७ नंतर सरकारपुढे पेच पडला. हिंदी शिपायांच्या हाती बंदूक तर द्यायला हवी, पण एनफिल्डसारखी अचूक नको. मग काय केलं? एनफिल्डच्याच घाटाची, पण आतल्या खाचा काढून टाकलेली, नळी .६५६ इंचांपर्यंत पोखरून गुळगुळीत केलेली बंदूक १८५८-५९ मध्ये हिंदी पलटणींसाठी काढली. मागचा वरखाली होणारा नेमही काढून साधा पक्का बसवला. बाहेरून बघितली तर एनफिल्ड. आतून शंभर वर्षं मागे. यंत्रशाळेतल्या माणसाने ही गोष्ट ऐकून जरा थांबावं : चांगला झालेला जॉब परत लेथवर चढवून मुद्दाम बिघडवला. पुढेही हाच हिशेब चालला. गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री, तर हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर. तिकडे ली-मेटफर्ड गेली की इकडे मार्टिनी.

इथून पुढे या देशात कोणती गोळी निवडायची हे नळीपेक्षा कायदा जास्त ठरवू लागला. १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यातून युरोपियनांना सूट आणि आपल्याला परवाना. ठाणे जिल्ह्याच्या जंगलात तेव्हा वाघ, बिबळे, सांबर, डुक्कर सगळं होतं. पालघर, डहाणूचा पट्टा तेव्हा त्यातच यायचा. साहेब रायफल घेऊन मचाणावर आणि त्याला वाट दाखवणारा वारली तीरकमठा घेऊन खाली, हे चित्र उगीच तयार झालेलं नाही.

दरम्यान १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना निघाला. गोळी ओतणं आणि दारू मापणं घरातून कारखान्यात गेलं. .३०३ च्या काडतुसाच्या बुडावर 'के एफ' दिसलं तर ते खडकीचं. इतिहासकार म्हणून आम्हाला ही फार मोठी घटना वाटते. बंदुकीचा नेम जिच्यावर अवलंबून, ती भरण, बंदूकवाल्याच्या हातून गेली.

साहेबांचेही हाल होतेच. १८८९ नंतर बिनधुराची कॉर्डाइट आली. ती उन्हाने तापली की नळीतला दाब वाढतो. विलायतेत थंडीत तपासलेली काडतुसं मध्य हिंदुस्थानातल्या मे महिन्यात वेगळी वागत. म्हणून कारखानदार उष्ण देशांसाठी कमी भरणीची खास काडतुसं काढू लागले. जोडनळीच्या रायफलीत तर आणखी गोची. तिच्या दोन नळ्या एकमेकींना किंचित कलत्या जोडलेल्या असतात, आणि दोन्ही गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून बंदूक बनवणारा एकाच वजनाची गोळी आणि एकच भरण धरून ते जुळवतो. गोळी बदला, भरण बदला, की एक नळी डावीकडे मारणार आणि दुसरी उजवीकडे. शिकारीला निघण्याआधी आपल्या रायफलीला कोणतं काडतूस मानवतं ते कागदावर बार काढून बघणं हा छंद नव्हता. समोर जखमी वाघ आला तर जीव त्यावर होता.

गोळीची लांबी आणि खाचांचा पीळ यांचंही असंच नातं आहे. लांब गोळी सरळ जायची तर जास्त वेगाने फिरली पाहिजे. एनफिल्डला ७८ इंचांत एक वेढा पुरला, .३०३ च्या लांब गोळीला १० इंचांत एक लागला. .३०३ ची गोळी आधी २१५ ग्रेन वजनाची, बोथट तोंडाची होती. १९१० मध्ये १७४ ग्रेनची टोकदार आली आणि रायफलींचे नेम नव्याने आखावे लागले.

पण ही .३०३ खाजगी माणसाला मिळत नव्हती. लष्करी मापाची गोळी बाहेर नको. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० मापाच्या रायफली आणण्यावरही बंदी आली, कारण त्यांच्या गोळ्या मार्टिनीत चालतील ही धास्ती. मग विलायती कारखानदारांनी .४६५, .४७० अशी मापं काढली. शिकारीच्या पुस्तकांत त्यांचं मोठं कौतुक असतं. त्यांच्या जन्मामागे वाघ कमी आणि सरकारची भीती जास्त आहे. आपल्याकडची .३१५ तशीच. मूळ ऑस्ट्रियाचं ८ मिलिमीटरचं माप, लष्कराच्या मापात न बसणारं म्हणून चाललं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्यात .३१५ रायफल होऊ लागली. १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण लष्करी मापं खाजगीत नकोत हे धोरण तसंच राहिलं. आज घरी काडतूस भरणं, म्हणजे दारूगोळा तयार करणं, परवान्याशिवाय गुन्हा आहे. अमेरिकेत माणूस एका रायफलीसाठी दहा प्रकारच्या गोळ्या मांडून बसतो. इथे दुकानात जी आहे ती गोळी.

राहिली ठासणीची बंदूक. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर कोकणात ती अजून आहे. तोड्याच्या जागी केप आली, बाकी सगळं जुनं. दारू मापायची, काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा ठासायचा, मग गोळी किंवा छर्रे. भरण स्वतःच्या हाताने करणारा या देशातला शेवटचा बंदूकवाला हाच. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर थांबली आहे, निदान कागदावर.

कागदावर म्हणतो, कारण २०२५ च्या सुरुवातीची गोष्ट. मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची एक टोळी रानडुकरांच्या मागावर गेली. मागून येणारा आपलाच माणूस एकाला डुक्कर वाटला. बार काढला, माणूस मेला, आणि सोबत्यांनी प्रेत झाडीत लपवलं. काही दिवसांनी पोलिसांना ते सापडलं. इतका वेळ आपण गोळी, नळी, भरण यांच्याबद्दल बोललो. त्या बाराला यातलं काहीच कमी पडलं नव्हतं. जिथे धरली तिथेच गोळी गेली.

ते बांबूचं माप आम्ही पुन्हा बघायला गेलो होतो, गेल्या पावसाळ्याआधी. म्हाताऱ्याने बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आहे, परवान्याचं नूतनीकरण मुलाने केलं नाही. माप मात्र चुलीच्या वर, वाशाला खोचलेलं आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरू करू या.