नरभूमी : रानातल्या नगरीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही एक लेखन दिले होते. विषय होता ‘माझ्या कल्पनेतील नगरराज्य’. बहुतेकांनी काचेचे मनोरे आणि उडती वाहने असलेली नगरे रंगवली. दवनीवाड्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र घनदाट रानाच्या मध्यभागी वसलेले एक राज्य लिहून आणले. तिच्या नगराचा कोट म्हणजे सभोवतालचे जंगल होते. तिथला राजा कर घेण्याआधी प्रत्येक गावाला विचारायचा, तुमचा तलाव भरला का? आमच्यापैकी एकाने त्या वहीत तांबड्या शाईने शेरा दिला : ‘कल्पना रम्य, परंतु वास्तवाचा आधार नाही.’

तो शेरा चुकीचा होता. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, दोघेही याच झाडीपट्टीत वाढलेलो, आणि तरीही आपण चुकलो हे कळायला आम्हाला बराच काळ लागला. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची दुरुस्ती आहे.

नागर आणि रानटी

चुकीचे मूळ आमच्या अज्ञानात होते, तसेच ते आपल्या भाषेतही आहे. मराठीत ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत, आणि ‘रानटी’ म्हणजे असंस्कृत. नगरापासून संस्कृतीचा शब्द तयार झाला आणि रानापासून शिवी. अशा भाषेत विचार करणाऱ्याला ‘रानातले नगर’ हा वदतोव्याघात वाटला तर नवल नाही. आपली महाकाव्येही हाच संस्कार करतात. रामायणात अरण्य ही वनवासाची जागा आहे. राज्य गमावल्यावर तिथे जायचे आणि मुदत संपली की परतायचे. महाभारतातली मयसभा उभी राहते ती खांडववन जळून गेल्यावर, त्या आगीतून वाचलेल्या मयासुराच्या हातून. वैभव आणि वन यांच्यामध्ये राख असते, असा त्या कथेचा एक अर्थ लावता येतो. पाश्चात्त्य अद्भुतकथाकारांना वननगरीचे मोठे आकर्षण. टॉल्किनची लोथलोरिएन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पण तिथे राहतात ते मानवेतर, अमर जीव. हाडामांसाच्या माणसांनी रानात नगर वसवावे, राज्य करावे, कर गोळा करावा, ही गोष्ट कल्पनेलाही अवघड जाते.

आमच्या प्रदेशात मात्र ती घडलेली आहे. शिवाय घडल्याची आठवण एका गाण्यात शिल्लक आहे.

गाण्यातले नगर

नागपूरला राहून गोंडांच्या भाषेचा व परंपरेचा अभ्यास करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये मरण पावले. त्यांच्या कागदपत्रांत लिंगोचे दीर्घ आख्यान होते. परधान गायकांच्या तोंडून टिपलेले हे आख्यान रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये छापले. परधान हे गोंडांचे गायक आणि वंशकथांचे जतन करणारे. त्यांच्या किंगरीच्या तारेवर हा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

आख्यानाची रूपरेषा अशी. महादेव गोंडांना गुहेत कोंडून ठेवतो. चौघे भाऊ तेवढे निसटतात आणि काचीकोपा लोहागड नावाच्या डोंगराळ मुलखात जातात. पुढे लिंगो अवघड अटी पुऱ्या करून उरलेल्यांची सुटका करवतो. पूर आलेली नदी ओलांडली जाते. मग दाट रान तोडून घरे उभी राहतात, शेते होतात, बाजार भरू लागतो, आणि त्या नगराला नाव मिळते नरभूमी. नगर वसल्यानंतरच लिंगो लोकांची कुळे पाडतो आणि देव व विधी ठरवून देतो. म्हणजे गाण्याच्या क्रमात आधी वसाहत आणि बाजार, मग समाजाची घटना. राज्यशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकाला हा क्रम ओळखीचा वाटेल.

हे पाठ्य निर्भेळ नाही. त्यावर हिंदू पुराणकथांची पुटे आहेत, टिपणाऱ्याचे आणि संपादकाचे संस्कारही आहेत. आज गोंडी विद्वान ही कथा निराळ्या तऱ्हेने सांगतात. मोतीरावण कंगाली यांनी कोया पुनेमविषयी जे लेखन केले त्यात पहांदी पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि हिरासुका पाटालीर यांना मध्यवर्ती स्थान आहे. गुहेत कोंडलेली मुले संगीताच्या बळावर मुक्त होतात. ही गुहा म्हणजे आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात असलेले कचारगड, अशी श्रद्धा आहे. १९८० च्या दशकात काही गोंड अभ्यासक व कार्यकर्ते तिथे जाऊ लागले. आता माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून भाविकांची रीघ लागते. आख्यानातली जागा नकाशावर नेमकी कुठे, हा वाद निराळा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ज्या समाजाला पुस्तकांनी ‘वनवासी’ ठरवले, त्याच्या स्वतःच्या आदिकथेच्या अखेरीस एक नगर आहे आणि त्यात बाजार भरतो आहे.

मातीवरचे नगर

गाण्याकडून इतिहासाकडे वळले की गोंडांची राज्ये एकामागून एक समोर येतात. गढा-मंडला, देवगड आणि चांदा ही त्यांतली प्रमुख. त्यांना ग्रीक अर्थाने नगरराज्य म्हणता येणार नाही. त्यांचा पाया होता ‘गड’ : एक किल्ला, त्याभोवतीचे रान आणि त्या रानात विखुरलेली खेडी. गढ्याच्या संग्रामशहाचे राज्य बावन्न गडांचे म्हणून ओळखले जाई. याच घराण्याच्या राणी दुर्गावतीने अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना १५६४ मध्ये देह ठेवला. ‘आईन-ए-अकबरी’त देवगडच्या जाटबाच्या पदरी दोन हजार घोडदळ, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याची नोंद आहे. आकडे दरबारी आहेत, त्यांत अतिशयोक्ती असू शकेल. पण अतिशयोक्तीसुद्धा दखल घेण्याजोग्या शेजाऱ्याचीच केली जाते. हत्ती मात्र रानाचीच देणगी. ज्याच्या ताब्यात जंगल, त्याच्या पदरी हत्ती, आणि हत्ती हे त्या काळी राजसत्तेचे चलन होते.

चांद्याची स्थापनाकथा प्रसिद्ध आहे. खांडक्या बल्लाळशहाचे अंग गाठींनी भरलेले होते. शिकारीत तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी तो प्याला, तोंड धुतले, आणि व्याधी उतरू लागली. पुढे तिथेच एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. राणीच्या सल्ल्याने ससा ज्या वाटेने पळाला त्या वाटेवर नगराचा कोट आखला गेला. नगराची सीमा ठरते ती कुणा ज्योतिष्याच्या रेखांकनाने नव्हे, एका रानजनावराच्या पावलांनी! दंतकथा म्हणून हसून सोडता येईल, पण राज्याने स्वतःविषयी सांगायला निवडलेली कथा त्याची दृष्टी उघड करते. तो दगडी कोट आज चंद्रपुरात उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर ही त्याची चार द्वारे अजूनही शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत. राणी हिराईने पती बीरशहाची बांधलेली समाधीही तिथेच आहे.

आणि नागपूर? देवगडच्या बख्तबुलंदशहाने अठराव्या शतकाच्या आरंभी, साधारण १७०२ च्या सुमारास, काही खेडी एकत्र करून हे शहर वसवले. बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलावून राज्यात स्थायिक केले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने बांधलेला जुम्मा तलाव आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्राचे विधिमंडळ हिवाळ्यात जिथे भरते ते शहर एका गोंड राजाने वसवलेले आहे, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा अजूनही काही डोळे विस्फारतात. खरे तर विस्फारायला हवेत ते आमचे, कारण आम्ही ते इतकी वर्षे सांगितले नव्हते.

तलाव हाच ताम्रपट

परंतु राजवाडे, कोट आणि हत्ती यांवरून या राज्यांची थोरवी मोजणे म्हणजे पुन्हा ‘नागर’ फूटपट्टीच वापरणे होय. पडके किल्ले पाहून ‘एवढेसेच?’ असे म्हणणारे बरेच भेटतात. या राज्यांचा खरा लेख दगडावर नाही, पाण्यावर आहे.

मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. त्यात नोंदलेल्या परंपरेनुसार हीरशहाने, रान मोडून जमीन लागवडीला आणणाऱ्यास ती सनदेने दिली, आणि तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन बहाल केली. तलावाच्या मोबदल्यातल्या अशा वतनाला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातला तुकूम भाग आणि त्या पट्ट्यातली तुकूम नावाची खेडी म्हणजे पुसट न झालेल्या सनदाच आहेत. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात हे काम मुख्यतः कोहळी समाजाने केले. उतारावरचे पाणी कुठे अडेल, पाळ किती रुंद हवी, सांडवा कुठून काढायचा, हे ज्ञान त्यांच्या घराण्यांत होते. नवेगावबांधचा विशाल जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे गेले, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी ती पद्धत रद्द झाल्यावर सरकारकडे. म्हणून आज त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात.

दवनीवाड्याच्या परिसरात भर पावसाळ्यानंतर कुणी फिरावे. वर रान, रानाच्या पायथ्याशी तलाव किंवा बोडी, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या धानाच्या बांध्या. ही रचना निसर्गाने केलेली नाही. रान पाणी धरते, तलाव ते साठवतो, बांधी ते वापरते. यांतला एक दुवा तुटला की बाकीचे दोन निकामी होतात. रान राखल्याशिवाय ज्याचा कर उगवत नाही अशी ही राज्यव्यवस्था होती. आमच्या विद्यार्थिनीच्या गोष्टीतला राजा कर घेण्याआधी तलावाची चौकशी करत होता, त्याचे कारण आता कळते. तिने ते कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते. ज्या भूमीवर ती रोज सायकल चालवत होती, त्या भूमीचा आकार तिने वाचला होता.

रान केव्हा ‘बाहेर’ गेले?

इथे एक सावधगिरी हवी. गोंड राजे पर्यावरणाचे संत नव्हते. नरभूमीसाठी रान तोडलेच जाते, हीरशहाची सनदही रान मोडणाऱ्याला मिळते. आदिवासींना ‘रानटी’ म्हणणारे आणि ‘निसर्गाची निरागस लेकरे’ म्हणणारे, दोघेही एकच अन्याय करतात : त्यांना इतिहास नाकारतात. ज्याने निवड केली, चुका केल्या, भांडला, बांधले आणि गमावले, त्यालाच इतिहास असतो. गोंडांनी हे सगळे केले. घरच्या वारसाकलहांत त्यांनी नागपूरच्या भोसल्यांना वाट दिली. १७४३ मध्ये देवगडची खरी सत्ता रघूजींकडे गेली, १७५१ मध्ये चांदाही गेला. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके यांना चांद्यात फाशी झाली.

राज्य जाणे ही एक घटना. त्याहून खोल घाव पुढे झाला. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी रानाभोवती एक रेषा ओढली. रेषेच्या आत सरकारी इमारती लाकूड, रेषेच्या बाहेर शेतसारा. मधे राहणारा माणूस दोन्हीकडे उपरा. जे रान राज्याचा कोट आणि कोठार होते ते राज्याच्या ‘बाहेरचे’ ठरले. रान म्हणजे इतिहासाबाहेरची जागा, ही आपली समजूत सनातन वाटते, पण तिला आजचे धारदार रूप या रेषेने दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशातच ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात तो मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तिथली ग्रामसभा आपल्या रानाचा कारभार पाहू लागली. नगर नव्हे, राज्यही नव्हे. पण रान आणि कारभार हे दोन शब्द पुन्हा एका वाक्यात आले.

शेरा

साहित्याच्या अध्यापकांनी यातून काय घ्यावे? ‘कल्पना’ आणि ‘वास्तव’ यांची वाटणी आपण फार सहज करतो. एखाद्या समाजाची कागदपत्रे टिकत नाहीत, राजधान्या मोडून पडतात, भाषेला शाळेत जागा मिळत नाही. तेव्हा त्याचे वास्तव गाण्यात, गावांच्या नावांत आणि तलावाच्या पाळीत जाऊन बसते. ते तिथून उचलून कुणी लिहिले की वाचणाऱ्याला कल्पना वाटते. याचा दोष लिहिणाऱ्याच्या कल्पनेकडे नसतो, वाचणाऱ्याच्या अपुऱ्या माहितीकडे असतो. वैनगंगेच्या तीराचा उल्लेख मराठीच्या आद्यग्रंथांत गणल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधू’शी जोडला जातो, हे आम्ही अभिमानाने शिकवतो. त्याच नदीकाठच्या दुसऱ्या भाषेतले नरभूमीचे आख्यान मात्र आमच्या कोणत्याच पेपरात नव्हते.

ती विद्यार्थिनी केव्हाच पदवी घेऊन गेली. तिची वही आमच्याकडे नाही, शेरा खोडता येत नाही. त्यानंतर आम्ही ते लेखन दरवर्षी देतो, फक्त विषयात एक ओळ वाढवली आहे : ‘आपल्या गावाच्या तलावापासून सुरुवात करा.’ काचेचे मनोरे आता कमी येतात. तलाव कुणी बांधला हे विचारायला मुले घरी आजोबांकडे जातात, आणि कधी कधी एखादे नाव घेऊन परत येतात जे आम्ही कुठेच वाचलेले नसते. ते नाव आम्ही फळ्यावर लिहून घेतो.