कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच: वर्षाला १६ हजार डॉलर ते हेड कोचची खुर्ची
अमेरिकेत या वाटेवरची पहिली पायरी बहुतेकदा ग्रॅज्युएट असिस्टंटची असते. खेळणं संपलेला तरुण पदव्युत्तर शिक्षण घेता घेता थोड्याशा मानधनावर प्रतिस्पर्धी संघांचे व्हिडिओ तपासतो, सरावाची तयारी करतो. पुढे असिस्टंट कोच झाला की खरी कसोटी मैदानाबाहेर लागते: चांगल्या शाळकरी खेळाडूंना आपल्याच कॉलेजकडे वळवायचं.

यात वर्षं जातात. टॉम इझो १९८३ मध्ये मिशिगन स्टेटमध्ये पार्ट-टाइम असिस्टंट म्हणून आले. हेड कोच व्हायला १९९५ उजाडलं. २००० मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

पण सगळेच इझो होत नाहीत, आणि वाट पाहताना पोट भरावं लागतंच. १९९१ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संघटना एनसीएएने खर्च कमी करण्यासाठी नियम केला: वरच्या गटातल्या प्रत्येक बास्केटबॉल संघात एका असिस्टंटला वर्षाला जास्तीत जास्त १६ हजार डॉलर. हेड कोचच्या पगाराला मात्र मर्यादा नाही! असिस्टंट कोर्टात गेले. १९९८ मध्ये अपील कोर्टाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरोधात ठरवला. १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.