दोष कोणाचा, भार कोणावर?

रस्त्यावर अपघात झाला की जमलेल्या लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "चूक कोणाची?" मोटार विम्याचा इतिहास पाहू गेल्यास या प्रश्नाला दोन ठिकाणी दोन निराळी उत्तरे मिळालेली दिसतात. नव्याने गाडी हाती घेणाऱ्या तरुणाने ती दोन्ही समजून घेणे हिताचे आहे.

आपल्या देशात १९३९ साली मोटार वाहन कायदा झाला. गाडीमुळे ज्याची हानी होते अशा तिऱ्हाइताच्या भरपाईसाठी विमा उतरवणे १ जुलै १९४६ पासून सक्तीचे झाले. परंतु चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून भरपाई नाही, हे जुने तत्त्व कायम राहिले. मीनू मेहता खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच प्रतिपादन केले. ज्याचा कर्ता पुरुष रस्त्यावर गेला, त्या घरच्या विधवेने साक्षीदार आणावेत कोठून? या अडचणीची दखल संसदेने १९८२ साली घेतली. कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद तेव्हा कायद्यात आली. १९८८ च्या नव्या कायद्याने या रकमा २५,००० व १२,००० झाल्या, तर १९९४ च्या दुरुस्तीने ५०,००० व २५,०००. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनुसार मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरले. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली.

कायद्याचे हे औदार्य माणसाच्या देहापुरते आहे. गाडीच्या मोडतोडीस ते लागू नाही. दुसऱ्याने येऊन आपल्या गाडीला धडक दिली, तर त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा असतो खरा. पण त्यासाठी न्यायाधिकरणापुढे दोष सिद्ध करावा लागतो आणि काळही जातो. म्हणून बहुतेक जण आपल्याच विमापत्रावर दावा करून मोकळे होतात. विम्याचे दुसरे उत्तर येथे प्रत्ययास येते.

आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर 'नो क्लेम बोनस' नावाची सवलत मिळते. वर्षभर दावा केला नाही, तर पुढील हप्त्यात २० टक्के सूट. मग क्रमाने २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के. एक दावा केला की ही शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते. दावा का केला, धडक कोणी दिली, याची विचारपूस ही सवलत करीत नाही.

समजा, मूळ हप्ता १०,००० रुपये असून तो स्थिर राहिला. तीन वर्षे दाव्यावाचून काढलेल्या तरुणाने चौथ्या वर्षी दावा केला, तर पुढच्या खेपेस ५,५०० ऐवजी त्याला पूर्ण १०,००० भरावे लागतील. शिडी पुन्हा वर चढेपर्यंत पाच वर्षांत त्याला एकूण १२,००० रुपयांचा भुर्दंड पडेल. दुरुस्तीचा खर्च ८,००० असेल, तर दावा न करणेच शहाणपणाचे. ८०,००० असेल, तर दावा करण्यास संकोच कशाला?

ब्रिटन-अमेरिकेत चालकाचे कोवळे वय हेच अधिक हप्त्याचे कारण ठरते. आपल्याकडे हप्त्याची आकारणी परंपरेने गाडीची किंमत, इंजिनाची क्षमता आणि गाडीचे वय यांवर होत आली. पण नव्या मालकाची सवलत शून्यापासून सुरू होते, एवढा भार तरुणावर राहतोच. शिवाय ही सवलत मालकाची असते. मुलगा वडिलांची गाडी चालवीत असताना मागून कोणी धडकले आणि वडिलांच्या विमापत्रावर दावा झाला, तर वडिलांनी वर्षानुवर्षे जमवलेली सवलत जाते.

जादा हप्ता भरून ही सवलत सुरक्षित ठेवण्याची सोय आता उपलब्ध आहे. तिच्या अटी विमापत्र घेतानाच वाचाव्यात. अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा क्रमांक व विम्याचा तपशील टिपावा, छायाचित्रे घ्यावीत, आवश्यक तेथे पोलिसांत नोंद करावी आणि विमा कंपनीस विनाविलंब कळवावे. मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा आणि दावा करावा की नाही हे ठरवावे. आपली चूक नव्हती, एवढ्यावर विसंबून मात्र राहू नये.