न्हाण आले म्हणजे मुलगी मोठी झाली?

१९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि संमतिवय दहावरून बारावर गेले. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्या राज्यात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिले. पण ज्या प्रश्नावर वाद पेटला, तो सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत एकच होता.

मुलीला पहिले न्हाण आले की तिला मखरात बसवत, ओटी भरत. या कौतुकापाठोपाठ गर्भाधानाचा विधी येई. ऋतुप्राप्तीनंतर सोळा रात्रींच्या आत तो व्हावा, असा सनातनी पक्षाचा आग्रह होता. बालपण आणि पत्नीपण यांत अंतर उरे ते जेमतेम पंधरवड्याचे.

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी ही सुमारे अकरा वर्षांची विवाहिता पतीच्या शरीरसंबंधामुळे दगावली, तेव्हा या अंतराचा अर्थ सर्वांना कळला. तरीही पुण्यात मुख्य हरकत निघाली ती अशी: बाराच्या आत न्हाण आले तर विधीचे काय? टिळकांचा विरोध परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला होता, रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे सांगितले की गर्भाधान लांबवता येते.

वास्तविक उत्तर फार जुने होते. सुश्रुतसंहितेत रजोदर्शन बाराव्या वर्षापासून सांगितले आहे, पण सोळाच्या आतील गर्भधारणा घातक मानली आहे. मधली चार वर्षे वादात सोयीस्करपणे विसरली जात.

त्या वर्षांत शरीरात काय घडते? पहिल्या पाळीच्या वेळी मेंदू आणि बीजकोश यांच्यातील संप्रेरकांचा मेळ पुरता बसलेला नसतो. अनेकदा बीज न सुटताच स्राव होतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे पाळी कधी तीन आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी येते. हा बहुधा आजार नव्हे, वाढीचाच टप्पा. (एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही किंवा रक्तस्राव फार झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.) पहिले न्हाण ही वाढीची सुरुवात होती, विधीने ती पूर्णता मानली.

कायद्याने न्हाण बाजूला ठेवून वर्षे मोजली, हे त्याचे खरे महत्त्व. बारा हा आकडा तोकडाच होता. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा केले, तेही ब्रिटिश हद्दीतच. अठराची अट १९७८च्या दुरुस्तीने आली, आणि तेव्हा औरंगाबाद महाराष्ट्रात होते.