सेंट फ्रान्सिस हाउस (ॲडिलेड)

सेंट फ्रान्सिस हाउस : दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड शहराजवळ, सेमाफोर या समुद्रकाठच्या उपनगरात दुसऱ्या महायुद्धानंतर चालवले गेलेले आदिवासी मुलांचे वसतिगृह. मध्य ऑस्ट्रेलियातील गरीब आदिवासी व मिश्र वंशाच्या मुलांना राहायला घर मिळावे आणि शहरातील सरकारी शाळांत गोऱ्या मुलांबरोबर शिकता यावे, या हेतूने अँग्लिकन धर्मगुरू पर्सी स्मिथ व त्यांच्या पत्नी इझाबेल यांनी ते उभे केले. सुमारे चौदा वर्षांच्या आयुष्यात पन्नासच्या आसपास मुले येथे राहिली. एवढ्या लहान संस्थेतून ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी चळवळीचे नेते, इतिहासकार, खेळाडू आणि आदिवासी ध्वजाचे रचनाकार बाहेर पडले. त्या देशातील सामाजिक इतिहासात तिची नोंद या मुलांमुळे झाली आहे.

वसतिगृहाची गरज का पडली, हे समजण्यासाठी नॉर्दर्न टेरिटरीतील तेव्हाचा कायदा पाहावा लागतो. १९१८ च्या आदिवासीविषयक वटहुकुमाने या प्रदेशातील आदिवासी व मिश्र वंशाच्या मुलांचे पालकत्व ‘मुख्य संरक्षक’ या सरकारी अधिकाऱ्याकडे दिले होते. आई जिवंत असली, मुलाला सांभाळत असली, तरी मूल कोठे राहील हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. गोऱ्या बापाची आणि आदिवासी आईची मुले पोलीस घेऊन जात आणि सरकारी आश्रयगृहांत ठेवत. ॲलिस स्प्रिंग्जचे असे आश्रयगृह ‘बंगलो’ नावाने ओळखले जाई. १९३२ पासून ते गावाबाहेरच्या जुन्या तारघराच्या आवारात होते. पुढे सेंट फ्रान्सिसमध्ये राहिलेले व आदिवासी चळवळीचे नेते झालेले चार्ल्स पर्किन्स यांचा जन्म १९३६ मध्ये तेथेच झाला. त्यांची आई हेटी पर्किन्स तेथे कामाला होती. आपली आजी कुंपणाच्या तारेपलीकडून आपल्याला पाहायला येई, पण तिला आत येता येत नसे, ही आठवण पर्किन्स यांनी पुढे अनेकदा सांगितली.

पर्सी स्मिथ १९३३ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला आले. गावात कायम राहणारे ते पहिले अँग्लिकन धर्मगुरू. बंगलोमधील मुलांची कोंदट वस्ती आणि तुटपुंजे शिक्षण त्यांनी जवळून पाहिले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला गुरांच्या दूरदूरच्या फार्मवर कामाला पाठवायचे आणि मुलीला घरकामाला, एवढेच भविष्य सरकारने या मुलांसाठी आखले होते. ते स्मिथ यांना मान्य नव्हते. १९४१ मध्ये त्यांनी गावात सेंट जॉन्स हे वसतिगृह सुरू केले. आडरानातील मुलांना शाळेसाठी गावात राहता यावे, ही त्यामागची कल्पना होती. पुढच्या काही वर्षांत आयलीन हीथ या धर्मसेविका ॲलिस स्प्रिंग्जला आल्या व त्यांनी सेंट मेरीज या दुसऱ्या वसतिगृहाचा कारभार सांभाळला. त्याआधी पश्चिम ऑस्ट्रेलियातील मूर रिव्हर येथील आदिवासी वसाहतीत त्यांनी जवळजवळ दहा वर्षे काम केले होते, आणि तेथील प्रशासनाच्या वागणुकीवर उघड टीकाही केली होती.

युद्धाने ही घडी विस्कटली. १९४२ मध्ये जपानी हल्ल्याच्या भीतीने बंगलो रिकामा करण्यात आला आणि मुलांना दक्षिणेकडे हलवले गेले. त्यांपैकी काही अँग्लिकन मुले न्यू साउथ वेल्समधील मल्गोआ येथे गेली. पुढे सेंट फ्रान्सिसमध्ये आलेले गॉर्डन ब्रिस्को व जॉन मोरिआर्टी त्यांत होते. मोरिआर्टी कार्पेंटारिया आखातालगतच्या बोरोलूला या गावचे. चारेक वर्षांच्या या मुलाला आईला न सांगता नेण्यात आले होते. पुढे ते वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास ॲलिस स्प्रिंग्जच्या रस्त्यावर उभे असताना एका बाईने त्यांना नाव-गाव विचारले. ती त्यांची आई होती.

१९४५ मध्ये स्मिथ दांपत्य सहा मुलांना घेऊन ॲडिलेडला आले. पर्किन्स त्या सहांत होते. ॲलिस स्प्रिंग्जहून ॲडिलेड सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. आधी शहराच्या पूर्वेकडील एका उपनगरातील घरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांना ही मुले पसंत नव्हती, आणि जागाही अपुरी होती. १९४६ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन बोर्ड ऑफ मिशन्स’ या अँग्लिकन धर्मकार्य मंडळाने सेमाफोर येथील ‘ग्लॅनव्हिल हॉल’ ही वास्तू खरेदी केली आणि वसतिगृह तेथे गेले. ही १८५६ ची हवेली कॅप्टन जॉन हार्ट यांनी बांधली होती. हार्ट पुढे तीन वेळा दक्षिण ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले (तेथे प्रांताच्या मुख्य मंत्र्यालाही पंतप्रधान म्हणत). बुरूज असलेली ही जुनी वास्तू बंदरातील कामगारांच्या वस्तीला लागून होती, पलीकडे समुद्रकिनारा होता. वाळवंटातून आलेल्या मुलांनी समुद्र पहिल्यांदा येथे पाहिला.

मंडळाचा पैसा चर्चच्या सभासदांच्या देणग्यांतून येई आणि तो नेहमीच कमी पडे. घराचा खरा भार स्मिथ दांपत्यावर होता. स्वयंपाक, कपडे, आजारपण आणि अभ्यास हे सारे इझाबेल व पर्सी सांभाळत. त्यांचा स्वतःचा मुलगाही या मुलांबरोबरच वाढत होता. मुले लगतच्या एथल्टन प्राथमिक शाळेत व पुढे ल फेव्हर तांत्रिक विद्यालयात जात. संस्थेचे वेगळेपण याच निर्णयात आहे. त्या काळातील बहुतेक मिशन-वसाहतींना स्वतःची शाळा असे. मुले कुंपणाच्या आत शिकत आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध फक्त मजूर म्हणून येई. स्मिथ यांनी मुलांना सार्वजनिक शाळेच्या बाकावर बसवले, गावच्या संघांत खेळू दिले, शेजारच्या मुलांशी भांडू दिले आणि मैत्री करू दिली. आज हे साधे वाटते. त्या वेळच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात ते साधे नव्हते. १९३९ च्या कायद्यानुसार तेथे आदिवासी माणसाला इतर नागरिकांसारखे वागायचे असेल, तर सरकारकडून सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. आदिवासी लोक त्याला संतापाने ‘कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला’ म्हणत.

ॲलिस स्प्रिंग्जमधील स्मिथ यांच्या वसतिगृहांत मुलांचे आयांशी नाते टिकवण्याचा प्रयत्न होता. हेटी पर्किन्स यांनी आपल्या मुलाला स्वतः संमती देऊन पाठवले होते. मात्र ज्या कायद्यात आईला नकार देण्याचा अधिकारच नव्हता, त्या कायद्याखाली मिळालेली संमती किती मोकळी होती, हा प्रश्न राहतोच. शिवाय घरातील सगळी मुले संमतीने आलेली नव्हती. काही आधीच आईपासून हिरावली गेली होती आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत फिरत येथे पोहोचली होती. १९४९ मध्ये स्मिथ दांपत्याने संस्था सोडली. त्यानंतरच्या व्यवस्थापकांच्या काळात शिस्त कठोर झाली. मार, उपेक्षा व एकटेपणा यांविषयी अनेक माजी विद्यार्थ्यांनी लिहिले आहे. पर्किन्स यांच्या १९७५ मधील आत्मचरित्रातला या काळाबद्दलचा सूर कडवट आहे. स्मिथ यांच्याविषयीचा जिव्हाळा मात्र बहुतेकांच्या आठवणींत शेवटपर्यंत टिकला. याचा अर्थ सरळ आहे : या घराचे चांगलेपण कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नव्हते, ते दोन माणसांच्या अंगी होते, आणि ती गेल्यावर मुलांजवळ दाद मागायला जागा उरली नाही.

त्यांना सावरले ते त्यांच्या आपसांतील नात्याने. घरातील थोरली मुले धाकट्यांची पाठराखण करीत. हे भाऊपण पुढे आयुष्यभर टिकले आणि राजकारणातही कामी आले. दुसरा आधार फुटबॉलचा. बंदराच्या भागात युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचे फुटबॉल क्लब होते. इंग्रजी वंशाच्या ऑस्ट्रेलियनांना परका वाटणारा हा खेळ, आणि तो खेळणारे ग्रीक, इटालियन, क्रोएशियन लोकही त्या समाजात उपरेच. त्यांनी या मुलांना रंग न पाहता संघात घेतले. पर्किन्स, मोरिआर्टी व ब्रिस्को हे तिघेही या क्लबांत चमकले. १९६० मध्ये मोरिआर्टी यांची ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघात निवड झाली. असा मान मिळालेले ते पहिले आदिवासी खेळाडू. ऑस्ट्रेलियावर आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाची बंदी असल्याने संघाचा ठरलेला दौरा झाला नाही. प्रांताच्या संघाबरोबर दुसऱ्या प्रांतात खेळायला जायचे, तर या खेळाडूला तेव्हाही आदिवासींच्या सरकारी ‘संरक्षका’ची परवानगी काढावी लागत होती. वॉली मॅकार्थर हे आणखी एक बोरोलूलाचे. विलक्षण वेगवान धावपटू असूनही १९५२ च्या ऑलिंपिकसाठी त्यांना डावलले गेले. १९५३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि रॉचडेल हॉर्नेट्स या संघाकडून व्यावसायिक रग्बी लीग खेळले.

पर्किन्स शाळेत हुशार गणले गेले नव्हते. ॲडिलेडच्या एका नळ्यांच्या कारखान्यात त्यांनी फिटर-टर्नरची उमेदवारी केली. १९५७ मध्ये एव्हर्टन क्लबच्या चाचणीसाठी ते इंग्लंडला गेले, तेथे कोळशाच्या खाणीत राबले आणि बिशप ऑकलंड या हौशी संघाकडून खेळले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाविरुद्धच्या एका सामन्याच्या वेळी तेथील विद्यार्थी पाहून आपणही विद्यापीठात शिकायचे, हे त्यांनी ठरवले. परतल्यावर सिडनीच्या पॅन-हेलेनिक क्लबकडून खेळून मिळालेल्या पैशांवर त्यांनी शिक्षण केले आणि १९६६ मध्ये सिडनी विद्यापीठाची पदवी घेतली. त्या विद्यापीठाचे ते पहिले आदिवासी पुरुष पदवीधर. शिकत असतानाच, फेब्रुवारी १९६५ मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीस विद्यार्थ्यांनी बसने न्यू साउथ वेल्सच्या गावांचा दौरा केला. ‘फ्रीडम राइड’ म्हणून गाजलेल्या या दौऱ्यात मोरी येथील सार्वजनिक जलतरण तलावावर आदिवासी मुलांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी निदर्शने केली. सिडनीतील वेसाइड चॅपलचे पाद्री टेड नॉफ्स हे या काळात त्यांचे जवळचे सहकारी होते. २७ मे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी राज्यघटनेतील आदिवासींना वगळणाऱ्या तरतुदी काढण्यास कौल दिला, त्याची हवा तयार करण्यात या दौऱ्याचा मोठा वाटा होता. घरे व जमीन यांसाठी आदिवासींना अर्थसाहाय्य देणाऱ्या आदिवासी विकास आयोगाचे पर्किन्स १९८१ पासून अध्यक्ष होते. १९८४ मध्ये ते आदिवासी व्यवहार खात्याचे सचिव झाले. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचे निधन झाले.

ब्रिस्को यांनी १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींची स्वतःची वैद्यकीय सेवा उभारण्यात भाग घेतला. नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्याबरोबर त्यांनी खुपरीविरोधी मोहिमेत काम केले, आणि १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीची इतिहासातील पीएच.डी. मिळवली. हॅरल्ड थॉमस हे नंतरच्या तुकडीतले. सेंट मेरीजमधून ते येथे आले व अकराव्या वर्षी एका धर्मगुरूच्या कुटुंबात वाढायला गेले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कलाशाळेतून शिकून त्यांनी काळ्या-तांबड्या पट्ट्यांवर पिवळे वर्तुळ असलेला आदिवासी ध्वज तयार केला. १२ जुलै १९७१ रोजी ॲडिलेडच्या व्हिक्टोरिया चौकात तो पहिल्यांदा फडकला आणि १९९५ मध्ये त्याला राष्ट्रीय मान्यता मिळाली. पॉइंट पीअर्स येथे जन्मलेल्या व्हिन्स कॉप्ली यांनी आयुष्यभर आदिवासींच्या हक्कांसाठी काम केले. त्यांचे आत्मकथन, ‘द वंडर ऑफ लिटिल थिंग्स’, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या यादीमुळे संस्थेकडे ‘यशस्वी प्रयोग’ म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. येथून गेलेल्या प्रत्येक मुलाचे आयुष्य उजळले नाही. काहींना मद्याने, तुरुंगाने, अकाली मृत्यूने गाठले, आणि ज्यांचे नाव झाले त्यांनाही भाषा, गणगोत व बालपण परत मिळाले नाही. आदिवासी मुलांच्या सक्तीच्या विलगीकरणाची राष्ट्रीय चौकशी १९९५ ते १९९७ मध्ये झाली. १९१० ते १९७० या काळात दर दहांपैकी एक ते दर तिघांपैकी एक या प्रमाणात आदिवासी मुले कुटुंबापासून तोडली गेली, असे तिच्या अहवालाने म्हटले. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने या पिढ्यांची माफी मागितली. सेंट फ्रान्सिस हाउसला या इतिहासाच्या बाहेर काढता येत नाही. स्मिथ दांपत्याने त्या व्यवस्थेच्या आत राहून तिच्यापेक्षा माणुसकीचे काही केले, हे त्यांचे मोठेपण. मुलांच्या कर्तृत्वाचे श्रेय मात्र मुलांचेच आहे.

वसतिगृह १९६० च्या आसपास बंद पडले. तोवर विचारही बदलत होता. सिडनीच्या ग्लीब भागात पाद्री आल्फ क्लिंट यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या ट्रॅन्बी या संस्थेत प्रौढ आदिवासींना सहकारी संस्था चालवण्याचे शिक्षण मिळे, आणि पुढे तिचा कारभार आदिवासींच्याच हाती आला. १९७३ मध्ये केंद्र सरकारने ‘ॲबोरिजिनल हॉस्टेल्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली, तेव्हा शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या आदिवासी मुलांच्या निवासाची जबाबदारी चर्चच्या दानधर्मावर न राहता शासनावर आली.

ॲशली मॅलेट यांनी २०१८ मध्ये ‘द बॉइज फ्रॉम सेंट फ्रान्सिस’ या पुस्तकात या घराची कथा मांडली. १९६९-७० च्या दौऱ्यात भारताविरुद्धच्या मालिकेत २८ बळी घेणारे ऑफ-स्पिनर म्हणून मराठी क्रिकेटरसिकांना ते परिचित आहेत. जॉन मोरिआर्टी यांनी २०१२ मध्ये बोरोलूला येथे आदिवासी मुलामुलींसाठी फुटबॉल व शालेय शिक्षण यांची सांगड घालणारा उपक्रम सुरू केला. त्यात लहान मुले आपल्या घरी, आपल्या माणसांत राहूनच शिकतात व खेळतात.